छत्तीस मिनिटं

परळच्या एका कॉलेजाला बास्केटबॉलचा संघ होता, पण कोर्ट नव्हतं. मागच्या अंगणात एक रिंग होती आणि तिच्याखाली प्राध्यापकांच्या गाड्या लागत. गाड्या यायच्या आत, म्हणजे सकाळी साडेसातपर्यंत, जेवढा खेळ होईल तेवढा सराव. बाकीचा व्यायाम शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पळून, आणि पाऊस लागला की इमारतीचे जिने चढून-उतरून. तरीही हा संघ दर वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोन-तीन सामने जिंकायचा, कारण त्याच्याकडे एकमेकांच्या सवयी पाठ असलेले चार जुने खेळाडू होते. त्या वर्षी जूनमध्ये चौघंही पदवी घेऊन बाहेर पडले. उरली ती कच्ची पोरं.

कच्च्या पोरांचं यंदा काय होईल हे सांगायचं काम जिमखान्याच्या सरांकडे होतं. बूट, जर्सी आणि प्रवासभत्त्याचे पैसे मंजूर व्हायचे तर प्राचार्यांना ‘संघाची संभाव्य कामगिरी’ असा एक कागद लागायचा. सरांनी तो एका बैठकीत लिहून काढला. गिरगावचा लंबू, सहा फूट तीन इंच : यंदाचा आधारस्तंभ. दादरचा शूटर : सामन्याला वीस पॉइंट हमखास. मदनपुऱ्याचा छोटू : हात चांगला, डोकं गरम, अजून एक वर्ष लागेल. लालबागचा जाड्या : राखीव, वजन कमी करावे.

प्राचार्यांनी सही केली, कारकुनाने शिक्का मारला, आणि शिक्का मारलेला कागद जिथे जातो तिथे, म्हणजे नोटीस बोर्डावर, शिपायाने तो लावून टाकला.

शूटरने त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्याचे बाबा मुळात हौशी. ते आता रोज सरावाला हजर राहू लागले. पोराच्या हातात चेंडू आला की मोबाइलवर शूटिंग सुरू, चेंडू गेला की बंद. लंबूच्या चाळीत ‘आधारस्तंभ’ या पदवीची इतकी थट्टा झाली, की गॅलरीचा कठडा हलला तरी लोक त्याला टेकू द्यायला बोलवायचे. छोटूने ‘डोकं गरम’ वाचून बोर्डाच्या काचेवर बुक्की मारली आणि सरांचं म्हणणं तिथल्या तिथे खरं करून दाखवलं. जाड्याने कागद वाचला, सॅक पाठीला लावली आणि घरी गेला. गुरुपौर्णिमा जवळ आली होती, लालबागात गोविंदाच्या सरावाची तयारी सुरू होती, आणि तिथे त्याची जागा ठरलेली होती : पहिला थर, आतली रांग.

जुलैच्या मध्यावर इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची पुढची फेरी लागली आणि आधारस्तंभ पुण्याला निघून गेला.

असं दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात होतं. खेळाडू कसा वाढेल याचा अंदाज बांधताना माणसं उंची मोजतात, वेग मोजतात, बारावीचे मार्क मोजायचे मात्र विसरतात. पण सरांना तेव्हा हसू येण्यासारखी परिस्थिती नव्हती. सहा फुटांच्या वर संघात आता कोणीच नव्हतं. त्यांनी नागपाड्याच्या चाचांना फोन लावला.

नागपाड्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मुंबईत बास्केटबॉल म्हटलं की लालबाग-परळच्या माणसालाही भायखळा ओलांडून तिकडेच जावं लागतं. 1927 साली अमेरिकन मराठी मिशनने तिथल्या दाट वस्तीत ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ सुरू केलं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे प्रमुख. त्यांच्याच पुढाकाराने 1936 मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था निघाली, जिला आज आपण टिस म्हणतो. समाजकार्याचं आपल्याकडचं शिक्षण आणि नागपाड्याचा बास्केटबॉल ही दोन्ही त्याच घरची लेकरं, असं तिथली जुनी माणसं सांगतात. खोल्या लहान, गल्ल्या अरुंद. पण अठ्ठावीस मीटर बाय पंधरा मीटरची एक मोकळी जागा मिळाली की दहा पोरं खेळतात आणि शंभर बघतात. क्रिकेटला हे परवडत नाही. भारतीय संघाचे कर्णधार झालेले, 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुन्तसिर याच वस्तीतले. तिथल्या पोरांना हे नाव शाळेत शिकवावं लागत नाही.

चाचा त्या मैदानावर वाढलेले. रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून लागले, निवृत्त झाले, आणि आता संध्याकाळी कठड्याला टेकून पोरांच्या चुका मोजायचं काम विनापगार करत. ते आले, त्यांनी चहा घेतला, नोटीस बोर्डावरचा कागद चष्मा लावून वाचला आणि विचारलं, “सर, ये किस चीज का हिसाब है?”

“कोण किती करेल त्याचं.”

“चेंडू हातात असताना ना? बाकी का छत्तीस मिनट कौन लिखेगा?”

सरांना कळलं नाही. चाचांनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने हिशेब मांडला. सामना 40 मिनिटांचा. चेंडू एकच, संघ दोन. म्हणजे आपल्या वाट्याला 20 मिनिटं. त्यात खेळाडू पाच. एकेकाला 4 मिनिटं, आणि तीसुद्धा चेंडू हवेत कधी उडतच नाही असं धरून. उरलेली 36 मिनिटं प्रत्येक खेळाडू रिकाम्या हाताने मैदानावर असतो. “तुमचा पूर्ण कागद चार मिनिटांचा आहे,” चाचा म्हणाले.

सर हिशेबाला पक्के, पण पटायला सावकाश. मग चाचांनी पुढच्या रविवारी नागपाड्याच्या कोर्टावर तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांशी एक सराव सामना ठरवला. बेंचवरच्या पोरांच्या हातात मोबाइल दिले आणि सांगितलं, एकेकाने एकच खेळाडू धरायचा. त्याच्या हातात चेंडू आला की घड्याळ चालू, सुटला की बंद.

पाऊस नुकताच थांबला होता. पोरांनी पोती टाकून कोर्ट पुसलं. शूटरने पहिल्याच दहा मिनिटांत तीन बास्केट मारल्या, त्यातली एक 6.75 मीटरच्या रेषेबाहेरून. त्याच्या बाबांनी तिन्ही टिपल्या. पण नागपाड्याची ती मिसरूड न फुटलेली पोरं हळूहळू पुढे गेली. त्यांचे नेम काही फार चांगले नव्हते. नेम चुकला की चेंडू बोर्डवरून परत यायचा आणि पुन्हा त्यांनाच मिळायचा. दुसऱ्यांदा मारायचे, तिसऱ्यांदा मारायचे, कधीतरी जायचाच. आपली पोरं चेंडूकडे बघत उभी, नागपाड्याची पोरं चेंडू जिथे पडणार तिथे उभी. शेवटच्या दहा मिनिटांत सरांनी, दुसरं कोणी उरलं नाही म्हणून, जाड्याला आत पाठवलं.

जाड्याची उडी म्हणाल तर वहीच्या जाडीएवढी. पण तो आल्यापासून नागपाड्याच्या पोरांचे दुसरे आणि तिसरे नेम बंद झाले. शॉट सुटला की हा चेंडूकडे बघायचाच नाही. जवळच्या गड्याला शोधायचा, त्याला पाठ लावायचा, गुडघे वाकवून बूड खाली घ्यायचा आणि तिथेच रुतायचा. याला बास्केटबॉलमध्ये बॉक्स आउट म्हणतात. चेंडू मग छोटूच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या हातात पडायचा. असा परत आलेला चेंडू पकडणं म्हणजे रिबाउंड, आणि जाड्याच्या नावावर तो एकही लागला नाही. सामना हरलोच, पण शेवटची दहा मिनिटं आपण जिंकलो होतो. हे फक्त चाचांनी लिहून ठेवलं.

मग मोबाइल गोळा केले. शूटरच्या हातात चेंडू होता 6 मिनिटं 10 सेकंद. त्याचा स्वतःचा अंदाज होता पंधरा-वीस मिनिटं. छोटू 5 मिनिटं. दहा मिनिटं खेळलेल्या जाड्याच्या हातात चेंडू होता 20 सेकंद.

दुसऱ्या रविवारी चाचांनी मोबाइल बंद ठेवायला सांगितले आणि प्रत्येक राखीव पोराला कागद-पेन्सिल दिली. या वेळी घड्याळ नको. तुझा माणूस रिकाम्या हाताने काय करतो तेवढं लिही. जाड्याचा कागद दोन्ही बाजूंनी भरला : पाठ लावली, स्क्रीन दिला (म्हणजे सोबत्याच्या मागावरच्या गड्याची वाट अडवून उभा राहिला), ओरडून सांगितलं, मागे पळाला, पुन्हा पाठ लावली. छोटूच्या कागदावर आश्चर्य होतं. रागीट पोरगा, पण चेंडू गेला रे गेला की सगळ्यांच्या आधी मागे तोच वळलेला. शूटरच्या कागदावर एका प्रामाणिक पोराने लिहिलं होतं : कमरेवर हात. त्याखाली पुन्हा : कमरेवर हात. मग त्याने शब्द लिहायचं सोडून नुसत्या रेघा मारल्या होत्या. अकरा.

शूटर चिडला, आणि त्याचं चिडणं अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही. “बास्केट मारल्याशिवाय कोण जिंकतं?” तो म्हणाला. “मी मारतो. बाकीचं बाकीच्यांनी करावं.” प्रश्न रास्त होता. पाठ लावून पॉइंट मिळत नाहीत.

चाचांनी त्याला उपदेश केला नाही, या खेळाचा जन्म कसा झाला ते सांगितलं. डिसेंबर 1891, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव. बाहेर थंडी, आत कोंडलेली दांडगी पोरं, आणि त्यांना कशात तरी गुंतवायचं म्हणून जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने गॅलरीच्या कठड्याला पीच फळाच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता. आजही रिंग दहा फुटांवरच असते. आपला पावसाळा तसा त्यांचा हिवाळा, मैदान बंद म्हणून निघालेला हा खेळ. पहिल्या सामन्यात एका बाजूला नऊ असे अठरा जण खेळले, आणि सगळ्या सामन्यात मिळून बास्केट झाली एक. “सतरा पोरं एकही पॉइंट न करता घरी गेली,” चाचा म्हणाले. “फिर भी दूसरे दिन सब वापस आये.”

शूटर गप्प बसला. पटलं म्हणून नाही, उत्तर सुचलं नाही म्हणून.

या पोरांच्या जन्माआधीचं एक उदाहरण इथे सांगतो, कारण आकडे बोलके आहेत. 1995-96 च्या हंगामात अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले शिकागो बुल्स 82 पैकी 72 सामने जिंकले. सगळ्यांना आठवतो तो मायकेल जॉर्डन. त्याच संघात डेनिस रॉडमन सामन्याला सरासरी साडेपाच पॉइंट करायचा. साडेपाच! आणि रिबाउंड घ्यायचा जवळजवळ पंधरा. सलग सात हंगाम तो या बाबतीत त्या लीगमध्ये पहिला होता. हा माणूस रात्री जिममध्ये मित्रांना वेगवेगळ्या जागांवरून शॉट मारायला लावायचा आणि चुकलेला चेंडू कुठून कुठे उडतो ते नुसतं बघत बसायचा. 2011 मध्ये त्याला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. त्याच्या वागण्याचे किस्से वेगळे, ते कोणी पोरांना सांगू नयेत. पण चुकलेल्या चेंडूचा एवढा अभ्यास केलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

आता जाड्याकडे. सरांनी त्याला एकट्याला गाठलं. “हे पाठ लावणं तुला शिकवलं कुणी? मी तर नाही.”

“कुणी नाही, सर. गोविंदात पहिल्या थरात असतो.”

“मग?”

“तिथे मान वर करायची नसते. वर बघितलं की खांदा हलतो, खांदा हलला की वरचा पोरगा हलतो. वर कोण चढलं, कुठे सरकलं, ते पाठीवरच्या वजनावरून ओळखायचं. इथेपण तसंच आहे. माझ्यामागचा गडी डावीकडे निघाला की त्याच्या आधी मला पाठीत कळतं.”

सर शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले. बॉक्स आउट नजरेचा नाही, स्पर्शाचा खेळ आहे, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. हा मुलगा तेच पाच वर्षं लालबागच्या गल्लीत उभ्या उभ्या शिकला होता, आणि आपण त्याच्या नावापुढे ‘वजन कमी करावे’ लिहिलं होतं. सरांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा गोविंदाचा सराव पाहिला. हंडी फोडणाऱ्या पोराला लोक खांद्यावर घेऊन नाचतात. खालच्या थरातली माणसं मग रस्त्याकडेला बसून एकमेकांच्या पाठीला बाम चोळतात.

यात गोविंदाचं कौतुक करायचा माझा हेतू नाही. दर वर्षी त्या दिवशी हात-पाय मोडलेली पोरं केईएमच्या अपघात विभागात येतात आणि काही तर त्याहून वाईट अवस्थेत येतात. सरांनाही हीच धास्ती होती. पथक सोड, असं ते म्हणाले. जाड्या म्हणाला, विचारून सांगतो. पथकाच्या दादांनी सांगितलं, बेसचा पोरगा आठवड्यावर हंडी आली असताना सोडता येत नाही. शेवटी निकाल जाड्याच्या आईने दिला : यंदा शब्द दिलाय तो पाळ, पुढच्या वर्षी एकच काय ते निवड. घरातल्या बायकांचे असे निकाल अपिलात जात नाहीत. हंडी झाली, जाड्या धड परत आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अंगणात उभा होता.

त्या महिन्याभरात चाचांनी सरावाचा एकच नियम बदलला. बास्केट मोजायची ती त्याआधी मारणाऱ्याने हात रिकामे असताना काहीतरी केलं असेल तरच : कुणाला स्क्रीन दिला असेल, मोकळ्या जागेत कट मारला असेल, मागे पळून समोरच्याचा पास तोडला असेल. नुसता उभा राहून चेंडू मागितला आणि मारला, तर शून्य. पहिले तीन दिवस शूटरचा स्कोअर शून्य होता. चौथ्या दिवशी त्याने वैतागून छोटूला एक स्क्रीन दिला, छोटूवरचा गडी अडकला, गोंधळात शूटरवरचा गडीही तिकडे धावला आणि शूटर रिंगखाली एकटा उरला. छोटूने पास दिला. असा सोपा लेअप त्याला महिन्यात मिळाला नव्हता. तो हसला नाही, पण पुढच्या वेळेला त्याने न सांगता पुन्हा स्क्रीन दिला. शूटर स्वार्थासाठी बदलला, हे मला जास्त खरं वाटतं. संघभावना वगैरे भाषणात ठीक. पोरगा बदलतो तो त्यात स्वतःचा फायदा दिसला की.

स्पर्धेत हा संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला. चार जुने खेळाडू असतानाही तो तिथवर एकदाच गेला होता. शूटरने वीस पॉइंट एकाही सामन्यात केले नाहीत. तेरा-चौदावर थांबला, पण दर सामन्यात. छोटूला एकदा पंचांशी वाद घातल्याबद्दल टेक्निकल फाउल मिळाला, म्हणजे सरांचा अर्धा अंदाज बरोबर होता. जाड्याचे पूर्ण हंगामाचे पॉइंट नऊ. विद्यापीठाच्या निवड चाचणीला पाठवायच्या नावांत सरांनी पहिलं नाव त्याचं लिहिलं. कुणीच हरकत घेतली नाही, तेव्हा आपण एकटेच उशिरा शहाणे झालो हे सरांना समजलं. वजन त्याचं तेवढंच होतं.

शूटरचे बाबा मात्र शेवटच्या सामन्यापर्यंत चेंडूच्या मागेच कॅमेरा फिरवत राहिले. घरी त्यांच्याकडे मुलाच्या खेळाची कितीतरी छोटी छोटी चित्रणं आहेत, आणि एकातही त्याने छोटूला दिलेला स्क्रीन नाही. यंदाचा हंगाम जवळ आला आहे. ज्यांची मुलंमुली कुठल्याही कॉलेजच्या संघात नव्याने आली असतील, बेंचवर असतील, त्यांना एक विनंती : एका सामन्यात मोबाइल चेंडूवर धरू नका. आपल्या पोरावर धरा, आणि चाळीसच्या चाळीस मिनिटं चालू ठेवा. रात्री जेवण झालं की दोघांनी मिळून बघा.